झोपेचं खोबरं : छातीवर बसतंय कोण?

प्रश्न : ताई, मी परळला चाळीत राहतो, वय २४, कॉल सेंटरला नाइट शिफ्ट आहे, घरी येईस्तोवर पहाटेचे साडेतीन होतात. दोन महिन्यांपूर्वी मित्राने ल्युसिड ड्रीमिंगचं सांगितलं, म्हणजे स्वप्न चालू असतानाच आपल्याला कळतं की हे स्वप्न आहे आणि मग उडता येतं, कुठेही जाता येतं वगैरे. व्हिडिओ बघून चालू केलं. साडेपाचला आमच्याकडे पाणी येतं, ते भरायला मीच उठतो, मग परत आडवा होतो आणि तेव्हाच प्रॅक्टिस करतो, कारण व्हिडिओत सांगितलेलं की मध्ये उठून परत झोपलं की लवकर जमतं. उताणं पडायचं, अजिबात हलायचं नाही, शंभरपासून उलटे आकडे मोजायचे. पाचव्या दिवशी अंग एकदम लाकूड झालं, कानात मिक्सर फिरल्यासारखा आवाज, आणि माळ्यावरून कोणीतरी उतरून छातीवर बसलं. बाई होती. ओरडायला गेलो तर आवाजच नाही, बाजूला धाकटा भाऊ घोरतोय, त्याला पत्ता नाही. असं आता तीनदा झालं. आजी म्हणते मुंजा आहे, तिने उशीखाली सुरी ठेवलीय. मी ट्यूबलाइट चालू ठेवून झोपतो म्हणून भाऊ रोज भांडतो. शिकायचं तर आहे पण आता झोपायचीच भीती वाटते. श्वास बंद पडून माणूस जाऊ शकतो का? सोडून देऊ का हे सगळं?

उत्तर : आधी तो श्वासाचा प्रश्न संपवून टाकू म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. नाही, जात नाही माणूस. तुला होतंय त्याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, म्हणजे जाग येते पण अंग झोपेतल्या लकव्यातच असतं. छाती आणि पोट यांच्या मध्ये जो पडदा असतो, श्वासपटल, त्याला हा लकवा लागतच नाही, तो आपला गुमान खालीवर होत असतो. फासळ्यांमधले स्नायू मात्र ढिले पडतात, आणि तू घाबरून मुद्दाम जोरात श्वास घ्यायला जातोस तेव्हा ते तुझं ऐकत नाहीत. श्वास चालू असतो पण तुझ्या हुकमाने चालत नाही, हे मेंदूला "कोणीतरी दाबतंय" असंच वाटतं. छातीवरचं वजन ते एवढंच.

आता मी हे कुठून बोलतेय ते सांगते, कारण मी डॉक्टर नाही. मी बारा वर्षं एका स्लीप लॅबमध्ये रात्रपाळीला टेक्निशियन होते. म्हणजे काय तर पेशंट संध्याकाळी उशी घेऊन यायचा (बऱ्याच जणांना घरचीच उशी लागते), मी टेपने त्याचं डोकं मोजून पेन्सिलीने खुणा करायचे, पेस्ट लावून वायरी चिकटवायचे, डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, पोटऱ्यांना आणि दोन-तीन हनुवटीला. हनुवटी कशाला असं प्रत्येक जण विचारायचा. त्याचं उत्तर म्हणजेच तुझ्या पत्राचं उत्तर आहे.

माणूस झोपला की बाजूच्या खोलीत माझ्या स्क्रीनवर सगळ्या लाईनी चालू. हनुवटीची लाईन जागेपणी जाडजूड असते, कारण जबडा कधी पूर्ण सैल नसतो. झोप लागली की ती बारीक होते. आणि साधारण दीड तासाने एक क्षण येतो की डोळ्यांच्या लाईनी वेड्यासारख्या वरखाली व्हायला लागतात आणि त्याच वेळी हनुवटीची लाईन सपाट. एकदम सपाट, पट्टीने मारल्यासारखी. ही आरईएम झोप, जिच्यात आपली रंगीत लांबलचक स्वप्नं पडतात, शिकागोला ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली ती पहिल्यांदा नोंदवली. मेंदूच्या देठातून मणक्याकडे निरोप जातो, ग्लायसिन आणि गाबा अशी दोन रसायनं स्नायू हलवणाऱ्या पेशींना गप्प करतात आणि हनुवटीपासून खालचं शरीर रजेवर जातं. नाहीतर स्वप्नात तू धावलास की खरंच उठून धावशील आणि दहा बाय बाराच्या खोलीत पहिली लाथ भावालाच बसेल.

आणि हे रात्रीतून चार-पाच वेळा होतं. मी बँकेतल्या साहेबांची लाईन सपाट होताना बघितलीय, गुटगुटीत पोरांची बघितलीय, दोन पैलवानांची बघितलीय. तुझ्या भावाची पण होते, आजीची पण होते. म्हणजे लकवा आला असं नाहीये बाळा, लकवा रोजचाच आहे, तू फक्त तो चालू असताना जागा झालास. मेंदूचा एक भाग उठला आणि ब्रेक अजून सुटला नाही, बास. काही सेकंद, फार तर एखाद-दोन मिनिटं, पण भीतीच्या घड्याळात ती अर्धा तास वाटतात.

मग बाई कोण? त्या वेळी स्वप्नाचं मशीन चालूच असतं आणि मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग आरईएममध्ये तसाही जोरात असतो. घंटा वाजतेय, अंग हलत नाहीये, छाती जड आहे, मग कोणीतरी असलंच पाहिजे, असा हिशेब मेंदू लावतो आणि आपल्या पेटीतला हाताला येईल तो पोशाख चढवून त्या कोणाला तरी उभं करतो. जपानमध्ये याला कानाशिबारी म्हणतात, म्हणजे लोखंडाने जखडणं. कॅनडात न्यूफाउंडलंड बेटावर ओल्ड हॅग म्हणून म्हातारी येऊन छातीवर बसते. फ्युसेली नावाच्या चित्रकाराने १७८१ मध्ये झोपलेल्या बाईच्या छातीवर बसलेलं एक बेरकी भूत रंगवलं, मागे पडद्यातून घोड्याचं डोकं, बघितलंस तर म्हणशील अरे हा तर आमचाच माळा. आणि आजीला एक विचार, मुंजा हा तर मुंज झालेला मुलगा असतो, पिंपळावरचा, मग तुला बाई कशी दिसली? सुरी मात्र राहू दे, तिला बरं वाटतं. फक्त उशीखालून काढून गादीच्या पायथ्याशी ठेवा, झोपेत कुशी बदलताना कापायला नको.

तू एकटा पण नाहीस हं. २०११ मध्ये ३५ अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले तेव्हा साधारण ७.६ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हे झालेलं निघालं, आणि विद्यार्थ्यांमध्ये २८ टक्क्यांच्या वर. का? कारण त्यांच्या झोपेचं खोबरं झालेलं असतं. तुझ्यासारखं.

इथे मला तुझं पाणी सापडलं. अरे, १९९२ मध्ये जपानी संशोधकांनी लॅबमध्ये हेच केलं होतं, माणसं झोपवली, मुद्दाम मध्येच उठवली, थोडा वेळ जागं ठेवलं आणि परत झोपू दिलं, तर काहींची झोप डायरेक्ट आरईएममध्ये शिरली आणि त्यातल्या काहींना स्लीप पॅरालिसिस झाला. तू काय करतोयस? चारला झोपतोस, दीड तासाने पिंप भरायला उठतोस, मग थकलेला, उताणा, हलायचं नाही अशी शपथ घेऊन परत पडतोस. उताणं झोपणं, अपुरी झोप, शिफ्टचे उलटेसुलटे तास, या तिन्ही गोष्टींनी हे वाढतं. म्हणजे मुंबईच्या पाण्याच्या वेळापत्रकाने तुझ्यावर रोज फुकटात प्रयोग चालवलाय आणि तू वरून व्हिडिओ बघून त्याला मदत करतोयस.

तर आता काय करायचं. एक महिना प्रॅक्टिस बंद. सोडून नाही म्हणत, बंद. पाण्याची पाळी भावाकडे दे, ट्यूबलाइटच्या बदल्यात सौदा कर, तू अंधारात झोपशील, तो पाणी भरेल. खिडकीला जाड चादर लाव, कुशीवर झोप, पाठीला लोड लावलास की झोपेत उताणा होणार नाहीस. सुट्टीच्या दिवशी पण झोपायची वेळ फार हलवू नकोस, मला माहितीय की रविवारी हे अशक्य आहे, तरी म्हणतेय.

आणि तरीही एखाद्या दिवशी झालंच तर, हे नीट वाच. झटापट करायची नाही. सगळे सांगतात पायाचा अंगठा हलव, जीभ हलव, आणि काही जणांचं त्याने सुटतं पण, पण नाही हलला अंगठा की माणूस दुप्पट घाबरतो, म्हणून मी ते सांगत नाही. बालँड जलाल नावाच्या न्यूरोसायंटिस्टने २०१६ मध्ये चार पायऱ्या मांडल्यात त्या मला पटतात. डोळे मिटायचे आणि स्वतःला सांगायचं, हा ब्रेक आहे, सुटेल. मग, हे नेहमीचंच आहे, घाबरण्यात अर्थ नाही, घाबरलो तर लांबेल. मग लक्ष त्या बाईवरून काढून कुठल्यातरी चांगल्या गोष्टीवर ठेवायचं, आईचा चेहरा, गणपती, अथर्वशीर्ष पाठ असेल तर तेच म्हण मनात. आणि चौथं, अंग सैल सोडायचं, हलायचा प्रयत्न नाही, श्वासाशी मारामारी नाही. हे चार जागेपणी रोज झोपायच्या आधी दोन मिनिटं घोकून ठेव, आयत्या वेळी आठवायला जाशील तर काही आठवणार नाही.

मला कसं माहीत? मला झालंय म्हणून. लॅबमध्येच, पहाटे चारच्या सुमाराला खुर्चीत डोळा लागला, समोर पेशंटच्या लाईनी व्यवस्थित चालू, आणि तोच पेशंट सगळ्या वायरींसकट माझ्या खुर्चीमागे येऊन उभा. त्याचा श्वास मानेला लागत होता. रोज शंभर वेळा ही सपाट लाईन बघणारी बाई मी, मला ग्लायसिन आठवलं का? डोंबल. मला एवढंच आठवलं की दार आतून लावलंय. नंतर हसले, पण नंतर. दुसऱ्यांदा झालं तेव्हा मात्र मधेच कुठेतरी वाटलं, अरे माझी हनुवटी आत्ता सपाट असणार. तेवढ्या एका विचाराने ते पातळ झालं, मागचा माणूस होता पण कॅलेंडरवरच्या चित्रासारखा होता. तू पण हनुवटीचंच आठवून बघ.

महिनाभराने परत शिकावंसं वाटलं तर दुसऱ्या दाराने जा. तू जी करतोयस ती जागेपणातून थेट स्वप्नात शिरायची पद्धत, त्या वाटेवर हा लकवा बऱ्याचदा लागतो, जकात नाक्यासारखा. दुसरी पद्धत स्टीफन लाबर्ज यांची, त्यांनी स्टॅनफर्डला पीएचडी करताना बसवलेली. स्वप्नातून जाग आली की लगेच हलायचं नाही, स्वप्न पूर्ण आठवायचं, मग मनात ठरवायचं, पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा मला कळेल की हे स्वप्न आहे, आणि तेच मघाचं स्वप्न परत डोळ्यासमोर आणून त्यात आपल्याला ते कळतंय असं बघायचं. असं करत झोपून जायचं, कुशीवर. यात झोप नेहमीसारखी लागते आणि भान नंतर स्वप्नाच्या आत येतं, त्यामुळे माळ्यावरची बाई सहसा भेटत नाही. अलार्म लावून उठायची गरज नाही, तुला आधीच कमी झोप आहे. दिवसा अधूनमधून नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघायची सवय लाव, स्वप्नात नाक दाबलं तरी बऱ्याचदा श्वास येतो, आला की समजायचं. फक्त लोकलमध्ये करू नकोस, लोक बाजूला सरकतात.

आणि ही एक गंमत. ल्युसिड ड्रीम खरं असतं हे सिद्ध झालं ते याच लकव्यामुळे. सगळं अंग बंद पण डोळ्यांना ब्रेक नाही, म्हणून १९७५ मध्ये इंग्लंडात हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली नावाच्या माणसाला सांगून ठेवलं, स्वप्नात भान आलं की डोळे ठरल्याप्रमाणे डावीउजवीकडे फिरव. आणि झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांची लाईन कागदावर ठरल्याप्रमाणे डावीउजवीकडे गेली. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस मी प्रत्येक पेशंटच्या डोळ्यांच्या लाईनीकडे टक लावून बसले होते, की कोणी मला काही सांगतंय का.

डॉक्टरकडे कधी? दिवसा बोलता बोलता झोप येत असेल, मोठ्याने हसल्यावर गुडघ्यातून पाय गळत असतील तर लगेच, तो नार्कोलेप्सीचा, म्हणजे दिवसा झोप न आवरण्याच्या आजाराचा प्रकार असू शकतो. किंवा झोप नीट करूनही हे आठवड्याला होत राहिलं तर.

प्रश्न : मी बारावीला आहे, दादर. ल्युसिड ड्रीममध्ये अभ्यास करता येतो का? म्हणजे झोपेचे सात तास वाया जाणार नाहीत. आणि मी कॉलेजच्या कॅरम टीममध्ये पण आहे.

उत्तर : नाही गं. स्वप्नात पुस्तक उघडलंस तर अक्षरं जागेवर राहत नाहीत, एकदा वाचलेली ओळ परत बघितली की बदललेली असते, आणि जे तुला मुळात माहीतच नाही ते तुझं स्वप्न तुला कुठून शिकवणार? झोपेचे तास वाया जात नाहीत, दिवसा वाचलेलं पक्कं व्हायचं काम तेव्हाच चालतं. कॅरमचं मात्र वेगळं आहे. २०१० मध्ये काही लोकांनी ल्युसिड स्वप्नात कपात नाणं टाकायची प्रॅक्टिस केली आणि सकाळी त्यांचा नेम खरंच सुधारला होता. प्रयोग छोटा होता. पण स्ट्रायकर म्हणजे तरी काय, बोटाने मारलेलं जरा मोठं नाणंच. परीक्षा झाल्यावर कर, आत्ता झोप.

प्रश्न : मी मुलुंडला राहते, वय ५९. आमचे हे ६४ चे, बँकेतून रिटायर झालेत, स्वभाव अगदी शांत, चाळीस वर्षांत कधी आवाज चढवला नाही. पण वर्षभर झालं, पहाटे झोपेत "धर त्याला" असं ओरडतात आणि हातपाय झाडतात. मागच्या महिन्यात माझ्या कानशिलात बसली. जागं केलं तर म्हणाले कुत्रा मागे लागला होता, त्याला मारत होतो. खूप ओशाळले. कोणाला सांगावं कळत नाही, लोक काय अर्थ काढतील.

उत्तर : वहिनी, वरच्या परळच्या मुलाचं उत्तर वाचा, कारण तुमच्याकडे बरोब्बर त्याचं उलटं झालंय. त्याचा ब्रेक सुटायला उशीर होतो, तुमच्या ह्यांचा ब्रेक लागतच नाहीये. स्वप्नातल्या कुत्र्याला मारलेला हात खरंच उठतो. मिशेल जुव्हे यांनी फ्रान्समध्ये मांजरांच्या मेंदूतला हा ब्रेकचा भागच निकामी करून बघितला होता, तर मांजरं झोपेतच दबा धरायला लागली, झडप घालायला लागली. माणसांमधला आजार म्हणून अमेरिकेत मिनेसोटाच्या शेंक आणि माहोवाल्ड यांनी १९८६ साली मांडला, आरईएम स्लीप बिहेविअर डिसऑर्डर असं नाव आहे, आणि साठीच्या आसपासच्या पुरुषांत तो जास्त दिसतो. माझ्याकडे असे पेशंट यायचे, हनुवटीची लाईन सपाट व्हायच्या वेळी दाट गवतासारखी उभी, आणि सोबत आलेल्या बायका तुमच्यासारख्याच आधी स्वभावाची ग्वाही द्यायच्या. स्वभावाचा इथे काही संबंध नाही. ह्यांना हे स्पष्ट सांगा.

पण याला वयोमान म्हणून सोडू नका. न्यूरॉलॉजिस्टकडे जा, कारण काही जणांत ही पुढे येणाऱ्या पार्किन्सनसारख्या आजाराची आगाऊ खूण असते, आणि काही जणांत डिप्रेशनच्या गोळीने हे सुरू होतं, म्हणून घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. वास कमी येतो का, बद्धकोष्ठता आहे का असं डॉक्टर विचारतील, गोंधळू नका, त्याचा संबंध असतो. मोबाईलवर एखाद्या पहाटेचा व्हिडिओ काढलात तर फार उपयोग होतो, ते ओशाळतील म्हणून आधी त्यांना सांगून काढा. औषधं आहेत आणि बऱ्याच जणांना लागू पडतात, पण केमिस्टला विचारून आणू नका.

तोवर पलंगाशेजारचं काचेचं टेबल आणि तांब्या हलवा, त्यांची बाजू खिडकीकडे असेल तर बदला, खाली जमिनीवर एक गादी टाकून ठेवा. ते ओरडत असतील तेव्हा अंगाला हात लावून उठवू नका, लांबून नावाने हाक मारा. आणि तुम्ही सध्या दुसऱ्या खोलीत झोपा. एकच खोली असेल तर मध्ये लोड ठेवा, दोन ठेवा.